ड्रॉइंगच्या सरांना आर्ट थेरपिस्ट व्हायचंय

अमळनेर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांनी विचारलंय, थोडक्यात असं: "बारावीनंतर एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) केलं, नऊ वर्षं शाळेवर आहे, वय ३२. मुलांची चित्रं बघून त्यांच्या मनात काय चाललंय ते मला बऱ्यापैकी ओळखता येतं. सहावीतली एक मुलगी तीन महिने झाले, दार नसलेलंच घर काढते. तिच्या आईला बोलवावं का? मला प्रोफेशनल आर्ट थेरपिस्ट (चित्र, माती अशा कलेतून मनावर उपचार करणारा) व्हायचंय. सहा आठवड्यांचा एक ऑनलाइन कोर्स सापडलाय, शेवटी 'सर्टिफाइड आर्ट थेरपिस्ट' असं प्रमाणपत्र मिळतं. करू का? नोकरी सोडून पुण्या-मुंबईला राहणं जमणार नाही."

सर, कोर्सचं आधी सांगून टाकते. सहा आठवड्यांत साहित्याची ओळख होईल, वर्गात घेण्यासारखे पाच-सात उपक्रम मिळतील. तेवढ्यासाठी पैसे परवडत असतील तर खुशाल करा. मात्र प्रमाणपत्रावरचे ते दोन शब्द दारावरच्या पाटीवर चढवू नका. मी सतरा वर्षं हे काम करतेय, तरी माझ्या पाटीवर 'समुपदेशक' एवढंच आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

मला तुमच्या प्रश्नातलं दुसरंच वाक्य खटकलं. "मला बऱ्यापैकी ओळखता येतं." मीही अगदी हेच म्हणायची.

मानसशास्त्रात एम.ए. झालेलं, मुंबईत दोन दिवसांची एक कार्यशाळा केलेली, आणि रावेरकडच्या एका शाळेत आठवड्यातून एकदा जायला सुरुवात केलेली. तिसरीतल्या एका पोराने पानभर काळा तेलखडू घासला. घासला म्हणजे कसा, कागद चकाकायला लागला, मागच्या बाजूला उठाव आला. मी ते चित्र इतर चित्रांसोबत स्टेपल करून मुख्याध्यापकांकडे नेलं आणि सांगितलं की घरात काहीतरी गंभीर दिसतंय, भीती आहे, वडिलांशी बोलायला हवं. वडील आले. केळीचं शेत सोडून, चिखलाच्या पायांनी. शाळेच्या ऑफिसात, शिपाई चहा घेऊन उभा असताना, त्यांना विचारलं गेलं की घरी मारहाण करता का. त्या माणसाचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

पोराला नंतर मी एकटं बसवून विचारलं, "हाई काय शे?" (अहिराणीत, हे काय आहे?) त्याने गठ्ठ्यातून आपला कागद ओढून काढला. स्टेपलरच्या पिनेखाली, कोपऱ्यात, तुरीच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका होता. "पप्पानी बॅटरी शे." म्हणजे पप्पांची बॅटरी. शेतीची लाइट रात्रीची होती. मोटर चालू करून केळीला पाणी द्यायला वडील रात्री जायचे आणि शनिवारी याला सोबत न्यायचे. आठवड्यातली त्याची सगळ्यात आवडती रात्र होती ती. आणि त्या चित्रापायी त्याचा बाप ऑफिसात उभा राहिला होता. वर्षभर त्याने माझ्या तासाला खडू हातात घेतला नाही. शाळेने पुढच्या वर्षी मला बोलावलं नाही, ते बरोबरच केलं.

ही गोष्ट सांगायचं कारण असं की काळा म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, दार नाही म्हणजे कोंडमारा, झाडाला ढोली म्हणजे आघात, असली यादी जिथे शिकवतात तिथे आर्ट थेरपी शिकवत नाहीत. घर-झाड-माणूस काढायला लावून तपासणी करण्याची पद्धत जॉन बक यांनी १९४८ च्या सुमारास मांडली. ती चाचणी आजही वापरतात, पण वापरणारा मानसशास्त्रज्ञ मुलाशी बोलतो, त्याचा इतिहास घेतो, इतर चाचण्या लावतो. मोबाइलवर फिरणारी "चित्रावरून ओळखा स्वभाव" ही त्याच झाडाची वाळलेली पानं.

आणि आपल्याकडे तर आणखी एक गंमत आहे. तुमच्या वर्गात 'माझं घर' काढायला सांगा. चाळीसपैकी पस्तीस मुलं उतरत्या कौलांचं घर काढतील, मागे दोन डोंगर, मध्ये सूर्य, बाजूला नदी. अमळनेरात उतरती कौलं किती? धाब्याची घरं, नाहीतर स्लॅबची. डोंगर बघायला सातपुड्याकडे जावं लागतं. म्हणजे ते घर पोराच्या मनातलं नाहीच, पाठ्यपुस्तकातलं किंवा मोठ्या भावाच्या वहीतलं आहे. त्यातून मन काय ओळखणार?

मग प्रशिक्षणात शिकवतात काय? मुख्य म्हणजे बसायला शिकवतात. समोरचा चित्र काढतोय, तुम्हाला त्याचा अर्थ 'दिसतोय', तोंडाशी आलाय, आणि तुम्ही तो गिळून पुढची पाच मिनिटं कागदाकडे बघत बसता. ऐकायला सोपं वाटतं. ड्रॉइंग टीचरला तर हे दुप्पट अवघड, कारण नऊ वर्षं तुमचा हात आपसूक पोराच्या रेषेकडे गेलाय, "अरे इथे शेडिंग दे" म्हणत.

दुसरं, साहित्य. हे तुम्हाला निम्मं येतं, पण दुसऱ्या बाजूने शिकावं लागेल. पेन्सिल, स्केचपेन ताब्यात राहतात; ज्याचं मन आधीच सैरभैर आहे त्याला ती आधार देतात. पाण्याचे रंग, बोटाने फासायचे रंग, पातळ माती, ही हाताबाहेर जातात आणि भावनाही सोबत घेऊन जातात. १९७८ साली केगिन आणि लुसेब्रिंक या दोघींनी याची नीट मांडणी केली: हालचाल आणि स्पर्श, मग आकार आणि भावना, मग विचार आणि प्रतीक, अशा पायऱ्या. कोणत्या माणसाला कोणत्या दिवशी कोणत्या पायरीवर ठेवायचं, हे थेरपिस्टचं खरं कसब.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. बारा वर्षांची मुलगी, आई नुकतीच गेलेली. बोलायची नाही. भाद्रपद संपत आलेला, गल्लीत भुलाबाईची (भोंडल्यासारखा आपल्याकडचा मुलींचा सण, त्यात मातीची भुलाबाई मांडतात) गाणी सुरू. मी काळ्या मातीचा गोळा आणि वाटीभर पाणी ठेवलं. तिने भुलाबाई करायला घेतली. चेहरा झाला, मग ती ओल्या बोटाने गाल गुळगुळीत करत बसली. पुन्हा पाणी, पुन्हा बोट. नाक गेलं. डोळे गेले. दहा मिनिटांत चेहऱ्याचा नुसता चिखल झाला आणि तिचा श्वास वर लागला. तिने रिकामी वाटी माझ्यापुढे केली. त्या वेळी दुसरी वाटी भरून द्यायची नाही, हे मला तोवर कळलं होतं. मी पाण्याऐवजी कोरड्या मातीचं भांडं तिच्याकडे सरकवलं. काही बोलले नाही. तिने मूठभर माती चिखलात मिसळली, मळली, घट्ट झाली. त्या दिवशी भुलाबाई झाली नाही, पाटा-वरवंटा झाला. "आईना शे," आईचा आहे, एवढं म्हणाली. दोन महिन्यांतलं पहिलं वाक्य.

पाणी का दिलं नाही, माती का दिली, आणि त्यानंतर "आईची आठवण येते का?" असं मी का विचारलं नाही, या तीन गोष्टींवर माझ्या सुपरव्हायजरबाईंनी, म्हणजे माझ्या कामावर देखरेख करणाऱ्या अनुभवी थेरपिस्टनी, माझा तासभर घेतला. प्रशिक्षण म्हणतात ते हे.

मातीवरून आणखी एक. आपली कापसाची काळी माती वाळली की आकसते आणि तडकते. पुढच्या आठवड्यात मूल येतं तेव्हा त्याने केलेल्या बैलाचं शिंग गळालेलं असतं, पाठीला भेग असते. ज्या मुलाच्या आयुष्यात आधीच बरंच मोडलंय त्याला हे दाखवायचं का? कुंभाराकडे जाऊन बसा, तो मातीत राख आणि घोड्याची लीद का मिसळतो ते विचारा. परदेशी पुस्तकात हे सापडणार नाही. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा नंदलाल बोस यांनी सजावट गावातल्याच बांबू-बिंबूतून उभी केली होती. आपल्या भागात काम करणाऱ्याने तो धडा घ्यावा. महागड्या कोऱ्या कॅनव्हाससमोर खेड्यातली बाई आखडते, तिलाच जुनेराची चिंधी आणि सुई-दोरा दिला की हात आपोआप चालतो.

आता व्यवसायाचं. 'आर्ट थेरपी' हा शब्द १९४२ मध्ये एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने वापरात आणला. तो क्षयाच्या रुग्णालयात पडून होता आणि चित्रं काढल्याने आपल्याला आणि शेजारच्या खाटांना बरं वाटतं हे त्याने पाहिलं. पण तुम्हाला जवळची वाटेल ती दुसरी नावं. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही मूळची चित्रकार आणि चित्रकला शिक्षिका. नाझींच्या तेरेझिन छावणीत तिने मुलांना चित्रं काढायला शिकवली. १९४४ मध्ये तिला आउश्वित्झला पाठवलं, तिथेच तिचा अंत झाला. जाण्याआधी दोन सुटकेसमध्ये मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं मागे ठेवली गेली. त्याआधी प्रागमध्ये निर्वासित मुलांबरोबर तिच्या हाताखाली काम केलेली एडिथ क्रेमर पुढे अमेरिकेत आर्ट थेरपीची पायाभरणी करणाऱ्यांपैकी एक झाली. म्हणजे या व्यवसायाची एक आजी ड्रॉइंगची बाईच होती. तेव्हा तुमचं एटीडी कमी लेखू नका.

पण आज ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' हे नाव कायद्याने राखीव आहे. मान्यताप्राप्त पदव्युत्तर शिक्षण घेऊन तिथल्या आरोग्य व्यवसाय परिषदेत नोंदणी केल्याशिवाय ते लावता येत नाही, आणि शिकत असताना विद्यार्थ्याला स्वतःही थेरपी घ्यावी लागते. अमेरिकेत पदव्युत्तर पदवीत १०० तास प्रॅक्टिकम (प्रात्यक्षिक) आणि ६०० तास देखरेखीखाली इंटर्नशिप. सहा आठवड्यांच्या कोर्सशेजारी हे सातशे तास ठेवून बघा. बाहेर जायचंच असेल तर लंडनचं गोल्डस्मिथ्स, सिंगापूरचं लासाल, इथे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत. तुम्हाला आत्ता तो खर्च करा असं मी सांगणार नाही.

भारतात असं राखीव नाव रोजच्या व्यवहारात नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा राष्ट्रीय कायदा झाला, त्याच्या परिशिष्टात कला आणि नृत्य उपचारकांचा उल्लेख आहे. कायद्यात नाव आलं म्हणजे दार किलकिलं झालं. उद्या नोंदणीचे निकष लागू होतील तेव्हा 'माझी पदवी काय, तास किती, देखरेख कोणाची' हेच विचारलं जाईल. त्यामुळे आजपासून कागद जपून ठेवा. माझी पाटी साधी असण्याचं कारणही हेच. जे नाव मला कुणी तपासून दिलेलं नाही ते मी लावत नाही.

तुमची पहिली अडचण वेगळीच आहे. एटीडी ही पदविका आहे, पदवी नाही. पूर्वी मी अशांना सरळ सांगायची की मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्र करा. आता तो रस्ता बंद झाला: २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राला दूरशिक्षण किंवा ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देऊ नयेत, असं यूजीसीने विद्यापीठांना कळवलंय, आणि त्याचं कारण हाच २०२१ चा कायदा. कुणी एजंट "घरबसल्या सायकॉलॉजी" म्हणत आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांपैकी जिथे मानसशास्त्र नियमित शिकवतात आणि सकाळचे वर्ग भरतात, तिथे चौकशी करा. संस्थेची लेखी परवानगी आधी घ्या, नंतर चेअरमनच्या पाया पडत फिरण्यापेक्षा ते बरं. बी.ए., मग एम.ए., म्हणजे अडतीस-चाळिशी गाठाल. दचकू नका, या कामात केस पिकलेले असले तर क्लायंटला उलट हायसं वाटतं.

कलेच्या बाजूचं शिक्षण त्याच्या जोडीने. पुण्यात वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग फाउंडेशन 'आर्ट्स बेस्ड थेरपी' शिकवतं. चित्र, संगीत, नाट्य, गोष्ट सगळं एकत्र, आणि शिकणाऱ्याला प्रत्यक्ष गटाबरोबर काम करावं लागतं. मुंबईत सेंट झेवियर्समध्ये एक्स्प्रेसिव्ह आर्ट्स थेरपीचा अभ्यासक्रम झालेला आहे. नृत्याकडे ओढा असेल तर कोलकाता संवेद आणि टाटा समाजविज्ञान संस्थेने मिळून घेतलेलं डान्स मूव्हमेंट थेरपीचं शिक्षण माहीत करून घ्या. फी, वर्गांचे दिवस, प्रवेशाची अट हे दर वर्षी बदलतं, थेट त्यांनाच विचारा. फोनवर एकच प्रश्न आधी विचारायचा: "देखरेखीखाली प्रत्यक्ष क्लायंटबरोबर किती तास, आणि देखरेख करणारे कोण?" उत्तर द्यायला समोरचा अडखळला तर फोन ठेवून द्या. महाराष्ट्र एक्स्प्रेस जळगावहून पुण्याला जाते. मी दोन वर्षं तिच्या स्लीपरच्या वरच्या बर्थवर नोट्स वाचल्यात. जमतं.

स्वतःची थेरपी घ्या. आपल्याकडे थेरपिस्टही हे टाळतात, "मला काय झालंय?" म्हणत. मला त्या काळ्या पानात मारहाणच का दिसली, बॅटरी का नाही, याचं उत्तर मला माझ्या स्वतःच्या लहानपणात सापडलं, आणि ते सापडायला आठ महिने लागले. त्याबद्दल इथे एवढंच.

आता थोडं कडक बोलते. तुमच्या वर्गातली मुलं तुमची क्लायंट होऊ शकत नाहीत. ज्या हाताने एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेच्या तयारीला चूक काढायची त्याच हाताने मन सांभाळायचं, असं होत नाही. पोराला कळत नाही की आज सर गुण देणारेत की ऐकणारेत. काम शिकायला दुसरी जागा शोधा: विशेष मुलांची शाळा, व्यसनमुक्ती केंद्र, वृद्धाश्रम, जिथे आधीच कुणी समुपदेशक किंवा डॉक्टर जबाबदार आहे तिथे मदतनीस म्हणून. आणि तिथलं चित्र काढणाऱ्याचं असतं. ते पंधरा ऑगस्टच्या प्रदर्शनात लावायचं नाही, स्टेटसला टाकायचं नाही, बायकोला दाखवायचं नाही. मी लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवते, किल्ली गळ्यात.

एक अपवाद कायद्यानेच केलाय. लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं मुलाकडून समजलं तर पॉक्सो कायदा, २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, गप्प राहणं गुन्हा आहे. शिक्षक म्हणून ते आजही लागू आहे. एकट्याने चौकशी करत बसायचं नाही. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. आणि मोठ्या कुणाची मनाची तब्येत फार बिघडलेली दिसली तर १४४१६, टेलिमानस.

भाषेबद्दल एक सांगायचं राहिलं. प्रमाण मराठीत "तुला काय वाटतं?" विचारलं की आपल्याकडे पोरं "बरं वाटतं" म्हणून मोकळी होतात, कारण तो शाळेचा प्रश्न आहे. अहिराणीत विचारा. सावदा-फैजपूरकडे लेवा बोलीत. तोरणमाळकडे पावरी बोली येत नसेल तर येणारा माणूस शेजारी घ्या. ज्या भाषेत पोर भांडतं, त्या भाषेत ते चित्राबद्दल बोलतं.

राहिली ती सहावीतली मुलगी. आईला बोलवू नका. "दार कुठंय?" असंही विचारू नका, पुढच्या वेळी ती तुमच्यासाठी दार काढेल आणि दोघांच्याही हाती काही लागणार नाही. जेवते का, मैत्रिणी आहेत का, गैरहजेरी वाढलीय का, अंगावर काही खुणा, वागण्यात बदल, हे मात्र बघा. ते शिक्षकाचं काम आहेच, आणि काही दिसलं तर शाळेच्या समुपदेशकाशी बोला, नसेल तर मला लिहा. पुढच्या चित्रकलेच्या तासाला सगळ्या वर्गाला अर्धी कार्डशीट द्या, तिला एकटीला नाही, आणि सांगा, घर कुठूनही बघून काढा: गच्चीवरून, मागच्या गल्लीतून, गोठ्यातून. मग टेबलावर बसू नका, बाकांमधून फिरा. तिच्यापाशी आलात की थांबा, आणि तिनेच मान वर केली तर विचारा, "हाई कोठेन देखेल शे?" हे कुठून बघितलंय?

काय म्हणाली ते कळवा. कदाचित ती रोज घराच्या मागच्या बाजूला बसून अभ्यास करत असेल.